मुलांच्या आरोग्यासाठी धोरण बदलायचं आहे, पण सुरुवात कुठून करू?

प्रश्न एका परिचारिकेचा आहे. त्या लिहितात: "नऊ वर्षं मी मुलांच्या वॉर्डात काम करते. तीच मुलं पुन्हा पुन्हा येतात. दम्याचा झटका ओसरला की आम्ही घरी पाठवतो आणि मूल त्याच हवेत, त्याच धुरात परत जातं. भाजलेली मुलं, भलतंच काही प्यायलेली मुलं, रस्त्यावर धडक बसलेली मुलं, सगळ्यांची कारणं ठरलेली. धोरण बदलण्याच्या कामात उतरावं असं फार वाटतं. पण मी साधी परिचारिका. राजकारण कळत नाही, भाषण जमत नाही, आठवड्याला दोन-तीन तास कसेबसे निघतील. सुरुवात कुठून करू? आणि यातून खरंच काही होतं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: होतं. मी सव्वीस वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे आणि त्यातली सतरा-अठरा वर्षं दवाखान्याबरोबर हेही काम करते. मुलांच्या बाजूनं झालेले जे बदल मी पाहिले, ते कुणीतरी मागे लागलं म्हणून झाले. आपोआप झालेला एकही आठवत नाही. मुलांना मत नसतं, ती मोर्चा काढत नाहीत, अंदाजपत्रकाच्या आधी कुणाला भेटायला जात नाहीत. त्यांच्या वतीनं कुणी गेलं नाही, तर त्यांचा विषय टेबलावर येतच नाही.

आता 'साधी परिचारिका'. हे दोन शब्द खोडून टाका. जो अधिकारी निर्णय घेतो, त्याच्यासमोर मुलं बेरीज होऊन येतात, तीही वर्ष उलटल्यावर. तुम्हाला ती एकेक करून, त्याच दिवशी दिसतात. या आठवड्यात तिसरं मूल एकाच वस्तीतून आलं, हे शहरात सगळ्यात आधी कुणाला कळत असेल तर तुम्हाला. त्या कळण्याची नोंद झाली की निम्मं काम झालं. म्हणून पहिली गोष्ट, एक वही घ्या. तारीख, वय, काय झालं, कशामुळे, कुठे. नाव लिहू नका, ओळख पटेल असं काही लिहू नका. आणि ही वही ठेवायला वरिष्ठांची परवानगी घ्या. ती नंतर घ्यायला गेलात तर अडचण होते.

नोंदीत किती ताकद असते याचं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराचं आहे. एप्रिल २०१४ मध्ये या शहरानं पाण्याचा स्रोत बदलला. नवं पाणी नळ गंजवणारं होतं आणि जुन्या नळांतलं शिसं त्यात उतरू लागलं. लोक बाटल्यांत गढूळ पाणी भरून सभांना आणत होते. यंत्रणा म्हणत होती, पाणी ठीक आहे. मोना हाना-अटिशा या तिथल्या बालरोगतज्ज्ञ. त्यांनी रुग्णालयात नेहमीप्रमाणे झालेल्याच रक्ततपासण्या काढल्या आणि स्रोत बदलण्याआधीचे व नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडले. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तातलं शिसं जास्त असलेल्यांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. आधी सरकारी बाजूनं त्यांचे आकडे खोडायचा प्रयत्न झाला. मग राज्याच्या स्वतःच्या आकड्यांतही तेच दिसलं आणि ऑक्टोबरमध्ये शहराला पुन्हा जुन्या स्रोताचं पाणी सुरू झालं. यात दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, आकडे आधीपासून पडून होते, कुणी तसा प्रश्न विचारून ते पाहिले नव्हते. दुसरी, त्या एकट्या नव्हत्या. तिथल्या आया वर्षभर ओरडत होत्या आणि एका विद्यापीठातल्या अभियंत्यांनी घराघरातल्या पाण्याचे नमुने तपासले होते. डॉक्टरच्या आकड्याला त्या सगळ्यांचं बळ होतं.

यापुढची पायरी मला स्वतःला फार उशिरा कळली, म्हणून ती जरा विस्तारानं सांगते.

माझं पहिलं काम एका शाळेच्या फाटकासमोरच्या रस्त्याचं. धडक बसून आलेल्या मुलांच्या नोंदी ठेवायला लागले तेव्हा त्याच फाटकाचं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं. मी निवेदन लिहिलं, चांगलं चार पानी. लहान मुलांचा जीव, समाजाची जबाबदारी, प्रशासनाची उदासीनता, सगळं होतं त्यात. सह्या गोळा केल्या, शिष्टमंडळ घेऊन गेलो, निवेदन दिलं, पोच घेतली. पाच महिने काही झालं नाही. मी चिडून पुन्हा गेले तेव्हा एका वयस्कर कनिष्ठ अभियंत्यानं मला बसवून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तो रस्ता आमच्याकडे नाहीच." रस्ता दुसऱ्या विभागाचा होता. फाटक शाळेचं, पदपथ तिसऱ्याचा, वाहतुकीचे फलक चौथ्याचे. माझ्या निवेदनात 'योग्य ती कार्यवाही व्हावी' असं होतं. योग्य ती म्हणजे कोणती, आणि कुणी करायची, हे कुठेच नव्हतं. प्रत्येक टेबलावर तो कागद खरा होता आणि कुठल्याच टेबलाचा नव्हता.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एकच पान होतं. या फाटकासमोर, शाळा सुटण्याच्या वेळी, इतक्या काळात इतकी मुलं जखमी झाली. इथे उंच केलेला पादचारी मार्ग आणि दोन्ही बाजूंना ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा हवी, पुढची शाळा उघडायच्या आत. पान ज्या विभागाचा रस्ता त्याच विभागात दिलं, आणि ज्यांच्या सहीनं काम मंजूर होतं त्याच अधिकाऱ्यांच्या नावानं. पैसा कुठल्या लेखाशीर्षातून येऊ शकतो, तेही त्याच वयस्कर अभियंत्यांनी आम्हाला सांगितलं होतं. काम चार महिन्यांत झालं.

तेव्हापासून कुणीही मला "या विषयावर काहीतरी करायला हवं" असं म्हणालं की मी एकच विचारते, पेन कुणाच्या हातात आहे? धोरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर संसद आणि कायदे येतात. कायदा हा फार लांबचा आणि फार महागडा रस्ता आहे. मुलांच्या आयुष्यात फरक पाडणारे कितीतरी निर्णय त्याच्या खाली होतात: कायद्याखालचे नियम, विभागाचं परिपत्रक, एखाद्या वस्तूचं मानक, खरेदीच्या निविदेतली एक अट, शाळेचं वेळापत्रक, रुग्णालयाची स्वतःची कार्यपद्धती, अंदाजपत्रकातली एक ओळ. तुमच्या विषयात पेन यांपैकी कुठे आहे ते शोधायलाच पहिले दोन महिने द्या. फोन करा, खालच्या पायरीवरच्या माणसांना विचारा. कारकून आणि कनिष्ठ अभियंते यांना फाईल कुठून कुठे जाते हे जेवढं माहीत असतं तेवढं मंत्र्यांनाही नसतं. बहुतेक देशांत सरकारी कागद मागण्याचा नागरिकांना हक्क असतो, तो वापरा. पण आधी तोंडी विचारून पाहा. सरळ विचारल्यावर पुष्कळ मिळतं.

मागणी कोणती निवडावी, याबद्दल माझं मत ठाम आहे. जी मागणी मान्य झाल्यावर आईबापांना दर वेळी काही आठवणीनं करावं लागत नाही, ती निवडा. पालकांना सल्ला देणं सोपं असतं, म्हणून जनजागृतीची मोहीम हा सगळ्या विभागांचा आवडता तोडगा असतो. फलक लागतात, पत्रकं वाटली जातात, फोटो निघतात. पण थकलेली आई दिवसातून शंभरदा सावध राहते आणि एकशे एकाव्या वेळी फोन वाजतो. मूल त्या क्षणी भाजतं. गरम पाण्याचंच घ्या. साठ अंश सेल्सिअसचं पाणी काही सेकंदांत त्वचा खोल भाजतं. एकोणपन्नास अंशाला तेवढं भाजायला मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मुलाला बाहेर काढता येतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं १९८३ मध्ये कायदा करून नवे वॉटर हीटर कारखान्यातूनच सुमारे ४९ अंशांवर लावून देणं बंधनकारक केलं. कुणाला काही शिकवावं लागलं नाही, कुणाच्या आठवणीवर काही सोडलं नाही.

औषधाच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही, तेही असंच. कॅनडातल्या विंडसर शहरातले बालरोगतज्ज्ञ आंरी ब्रो घरातली औषधं गिळून आलेल्या मुलांवर उपचार करून करून थकले होते. त्यांनी मुलांच्या हातांना न जमणारं झाकण तयार करवून घेण्याचा ध्यास घेतला आणि १९६७ मध्ये ते आलं. पण झाकण निघालं म्हणून काम संपलं नाही. औषधविक्रेत्यांनी ते वापरावं यासाठी प्रयत्न करावे लागले आणि ऑन्टारियो प्रांतात ते सक्तीचं व्हायला १९७४ उजाडलं. अमेरिकेत विषबाधा टाळणाऱ्या वेष्टनाचा कायदा १९७० मध्ये झाला होता. एका वॉर्डात सुचलेली गोष्ट सगळ्यांच्या कपाटात पोचते ती अशी.

तुमच्या पत्रातल्या दम्याच्या मुलांसाठी अशी मागणी शोधणं अवघड आहे, हे मान्य करते. हवा एका माणसाच्या पेनानं बदलत नाही. तरी तिचे तुकडे पाडता येतात. शाळेच्या फाटकाशी गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात, ते बंद करता येतं. जड वाहनांचा मार्ग किंवा वेळ बदलता येते. शाळेजवळ हवा मोजणारं यंत्र लावून घेता येतं. मी असते तर यंत्रापासून सुरुवात केली असती, कारण जे मोजलं जात नाही त्यावर कुणी खर्च करत नाही.

हवेच्या विषयात एका आईचं काम मला फार मोठं वाटतं. लंडनमधली एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दम्याच्या तीव्र झटक्यानं फेब्रुवारी २०१३ मध्ये गेली. घर गर्दीच्या रस्त्याजवळ होतं. तिची आई रोझमंड या शिक्षिका, डॉक्टर नव्हेत. त्यांनी मुलीच्या मृत्यूची पुन्हा चौकशी व्हावी म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये चौकशी अधिकाऱ्यानं हवेचं प्रदूषण हे तिच्या मृत्यूला कारणीभूत असल्याचं नोंदवलं. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणात असं पहिल्यांदाच लिहिलं गेलं. दूषित हवेनं मुलं मरतात हे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत होते. अधिकृत कागदावर ते एका मुलीच्या नावानं आलं तेव्हा टाळायला जागा उरली नाही.

म्हणून त्या एका पानात दोन्ही हवं: आकडा आणि मूल. नुसता आकडा वाचून माणूस पान उलटतो. नुसती गोष्ट ऐकून हळहळतो आणि म्हणतो, वाईट झालं, पण एखादंच. पण मुलाची गोष्ट सांगताना हात जपून चालवा. ती गोष्ट तुमच्या मालकीची नाही. पालकांना नीट समजावून, लेखी संमती घेऊन आणि 'नको' म्हणायची पूर्ण मोकळीक देऊनच ती वापरा. वॉर्डात मूल उपचार घेत असताना संमती मागू नका. तेव्हा आईबाप तुम्हाला नाही म्हणूच शकत नाहीत. भाजलेल्या मुलाचा फोटो मी कधीही वापरला नाही. त्यानं सभागृह गप्प होतं हे खरं, पण ते मूल उद्या पंधरा वर्षांचं होणार असतं. पालक स्वतः बोलायला तयार असतील तर तुम्ही मागे बसा. त्यांना आधी एकदा ते दालन दाखवा, काय विचारतील ते सांगा, बोलून झाल्यावर घरी सोडा आणि दोन दिवसांनी फोन करा. बोलून आल्यावर रात्री सगळं परत उसळतं.

भेटीबद्दल थोडं. लोकप्रतिनिधींच्या स्वीय सहायकांशी नीट ओळख करून घ्या, खरं काम तिथे होतं. दहा मिनिटं मिळतील असं सांगितलं असेल तर चारच मिनिटांची तयारी करा, उरलेला वेळ ऐका. समोरच्याला कशाची भीती आहे ते कळलं पाहिजे: खर्चाची, व्यापाऱ्यांच्या विरोधाची, की उद्या प्रत्येक शाळा हेच मागेल याची. ती भीती खोटी ठरवत बसू नका, तिच्यावर तोडगा घेऊन पुढच्या वेळी जा. अधिकाऱ्याला बोट ठेवायला काहीतरी आधार द्या. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला रस्ता सुरक्षेवर मंत्र्यांची जागतिक परिषद झाली. तिच्या जाहीरनाम्यात पायी चालणारे आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे. असं एक वाक्य टिपणीत घालता आलं की सही करणाऱ्याचा हात मोकळा होतो. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर येत नसेल तर "माहीत नाही, शुक्रवारपर्यंत सांगते" म्हणा आणि शुक्रवारी सांगा. माझ्या अनुभवात विश्वास बसतो तो अशा शुक्रवारांमुळे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचा, १९८९ सालच्या, आधार घ्यावा का असं मला नेहमी विचारतात. तिच्या चोविसाव्या कलमात मुलाच्या आरोग्याचा हक्क आहे, आणि जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी ती मान्य केली आहे. देशपातळीवरच्या कामात तिचा उपयोग होतो. देशांना ठरावीक काळानं अहवाल द्यावा लागतो आणि संस्थांना आपला वेगळा अहवाल पाठवता येतो. गल्लीतल्या रस्त्याच्या फाईलला मात्र ती जोडून उपयोग नाही.

नियमांचा मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती आणि सूचना मागवल्या जातात, ती संधी बहुतेक लोक वाया घालवतात. मसुदा चांगला आहे किंवा वाईट आहे असं लिहून पाठवू नका. अमुक क्रमांकाच्या कलमात अमुक शब्द आहेत, त्यामुळे सहा महिन्यांखालची बाळं सुटतात, त्याऐवजी हे शब्द घाला, असं लिहा. बदललेलं वाक्य तयार करून द्या. मसुदा लिहिणारा माणूस शेकडो पत्रं वाचत असतो, तयार वाक्य त्याला उचलता येतं. हे काम भाषण न जमणाऱ्या माणसाचं आहे आणि रात्री मुलं झोपल्यावर करता येतं.

मागितलेलं सगळं मिळणार नाही. तेव्हा काय करायचं, यावर टेनेसी राज्यातले बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांची गोष्ट मी नव्या माणसांना सांगते. गाडीत लहान मुलांसाठी सुरक्षित आसन सक्तीचं व्हावं म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी आमदारांना घरी फोन करून करून गाठत. पहिल्या प्रयत्नात विधेयक पडलं. १९७७ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झालं, अमेरिकेतला असा पहिला कायदा. पण मंजूर होता होता त्यात एक पळवाट घुसली: मूल मोठ्या माणसाच्या हातांत असेल तर आसन नसलं तरी चालेल. धडक बसली की कितीही मजबूत हातांतून मूल सुटतं, आणि मोठ्या माणसाचं अंग त्याच्यावर आदळतं. सँडर्स या सुधारणेला मुलं चिरडणारी सुधारणा म्हणत. तरीही त्यांनी कायदा होऊ दिला, आकडे गोळा करत राहिले, आणि १९८१ मध्ये ती पळवाट काढून टाकायला लावली. १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले होते.

अर्धं घ्यावं की नाकारावं, याचा माझा निकष एवढाच आहे: घेतलेल्या अर्ध्यामुळे उरलेल्या अर्ध्याचं दार बंद होतं का? बंद होत नसेल तर घ्या, आणि दुसऱ्या दिवसापासून उरलेल्यासाठी नोंदी ठेवा.

विरोध कुठून येतो तेही माहीत असू द्या. विरोधक बहुतेकदा वाईट माणसं नसतात. दुकानदाराला खर्चाची काळजी असते, शाळेला बदनामीची. त्यांच्याशी बोलता येतं. पण मुलाला अपाय करणाऱ्या वस्तूच्या विक्रीवर ज्यांचा नफा उभा आहे, त्यांच्याशी वागायची रीत वेगळी. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातीवरची आंतरराष्ट्रीय संहिता मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत मंजूर झाली. बाजूनं ११८ मतं पडली, विरोधात एक, अमेरिकेचं. पण ही संहिता म्हणजे शिफारस आहे, प्रत्येक देशानं आपापला कायदा केला तरच तिला दात येतात. चार दशकं उलटली तरी सगळीकडे ते झालेलं नाही. अशा विषयात संबंधित उद्योगाकडून एक पैसाही घेऊ नका. प्रवासखर्च नको, परिषदेचं प्रायोजकत्व नको, पेनसुद्धा नको. कुणी घ्यायला सांगितलं आणि नाकारल्यावर तुम्हाला हेकेखोर म्हटलं, तरी नको. पुढे तुमच्या शब्दाची किंमत त्यावरच ठरते.

आणि आकडा कधीही फुगवू नका. हर्बर्ट नीडलमन या बालरोग आणि मनोविकारतज्ज्ञानं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या दोन हजारांहून जास्त मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवले आणि १९७९ मध्ये दाखवून दिलं की, वरून कसलीही लक्षणं नसलेल्या मुलांतही दातांतलं शिसं जास्त असेल तर बुद्ध्यांक आणि लक्ष देण्याची क्षमता कमी भरते. पेट्रोल आणि रंगांतलं शिसं काढण्याच्या लढ्यात या दातांचा मोठा वाटा आहे. १९९१ मध्ये त्यांच्यावर संशोधनात गैरव्यवहार केल्याचे आरोप झाले. त्यांनी सुनावणी सगळ्यांसमोर व्हावी असा आग्रह धरला. गैरव्यवहार सिद्ध झाला नाही आणि मूळ आकडे पुन्हा तपासले तरी निष्कर्ष टिकला. तुमच्या वहीलाही कधी ना कधी कुणी असं उलटंपालटं करून पाहणार आहे, असं धरूनच तिच्यात लिहा. पेट्रोलचं म्हणाल तर, शिसं मिसळलेलं पेट्रोल १९२३ मध्ये विकायला सुरुवात झाली आणि गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. मधल्या काळात किती मुलं वाढली याचा विचार मनात आला की मला अजून झोप लागत नाही.

नोकरीचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण विचारायला हवा होता. सेवेचे नियम आधी वाचा, सरकारी नोकरी असेल तर दोनदा. संस्थेच्या नावानं बोलायची परवानगी नसेल तर "हे माझं व्यक्तिगत मत" असं लेखी आणि तोंडी म्हणा आणि संस्थेचं लेटरहेड वापरू नका. पुष्कळदा नाव पुढे करायला तुमची व्यावसायिक संघटना उपयोगी पडते. तिच्या समितीत शिरा, तिथे कामाला माणसं कमीच असतात. पक्षाचं म्हणाल तर, सगळ्यांना भेटा आणि एका व्यासपीठावर गेलात तर दुसऱ्यांनाही भेटून या. मुलांच्या विषयात सत्ता बदलली म्हणून काम शून्यावर येऊ देणं परवडत नाही.

दोन-तीन तास पुरतात का? एकटीला पुरत नाहीत, चौघींना पुरतात. एक शिक्षिका, एक आई किंवा बाप, आकड्यांशी दोस्ती असलेलं कुणीतरी, आणि तुम्ही. यात एखादा असा माणूसही हवा, जो कंटाळा न करता दर सोमवारी फोन करून विचारेल, "साहेब, आमची फाईल कुठे आहे?" माझ्या गटात असे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. त्यांच्याइतकं काम आमच्यातल्या कुणीच केलं नाही.

खचायला होईल. एखादी मागणी चार वर्षं अडून राहते आणि त्या चार वर्षांत तीच दुखापत झालेलं मूल तुमच्याच वॉर्डात येतं, तुम्हीच त्याची पट्टी बदलता. तो दिवस वाईट जातो. त्या दिवशी वहीत नोंद करा आणि घरी जा. गटातल्या कुणाला तरी सांगा, एकटीनं गिळू नका. आणि एखादं वर्ष थांबावंसं वाटलं तर थांबा, फक्त कागद दुसऱ्याच्या हाती देऊन थांबा.

मंजुरीच्या दिवशी पेढे वाटून गट पांगतो, ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. नियम निघाला तरी तो तपासायला माणूस नेमला का, त्याला पैसे दिले का, मोडणाऱ्याला दंड होतो का, हे कुणी बघत नाही. त्या फाटकासमोरच्या पादचारी मार्गाचे पट्टे वर्षभरात पुसले गेले आणि पुन्हा रंगवायची तरतूदच कुणी केलेली नव्हती. आम्हीही मागितली नव्हती. पुढच्या निवेदनात आम्ही दरवर्षीची देखभाल वेगळी ओळ म्हणून लिहिली. तेव्हापासून शाळा उघडायच्या पंधरा दिवस आधी मी त्या रस्त्यावर जाते, पट्टे बघते, फलक जागेवर आहे का बघते, फोटो काढते. या वेळी एका बाजूचा फलक झाडाच्या फांदीनं झाकलेला होता. अर्ज दिला आहे. सोमवारी फोन करायचा आहे.